खांदायचं, कोरायचं, उकरायचं न्हाई

माझा मोठा भाऊ चंद्रप्पा. गावात समदे त्येला अण्णा म्हनायचे, म्या बी अण्णाच म्हनायची. ह्या उन्हाळ्यात गेला. आमच्यात मेला म्हनत न्हाईत, लिंगैक्य झाला म्हनतेत. पर गेला ते गेलाच. भावकीच्या ग्रुपवर समदे त्येचा फोटो टाकून राहिले अन खाली हात जोडलेलं चित्र. त्या फोटोत अण्णा दुसऱ्याच्या लग्नात फेटा बांधून बसलाय, वळखू बी येत न्हाई. म्हनून मी लिहायला बसले. चौथी शिकलेली हाय, एका बोटानं लिहिते, काय चुकलं तर सावरून वाचा.

अण्णा खड्डे खांदायचा. मयताचे.

आमच्या लिंगायतात मयत जाळत न्हाईत, आडवं बी घालत न्हाईत. बसवतेत. मांडी घालून, हातात गळ्यातलं इष्टलिंग देऊन, ध्यानाला बसल्यावानी. म्हनून खड्डा निसता लांबडा घेऊन भागत न्हाई. खाली उतरायला पायऱ्या ठिवायच्या, अन आत एका भिंतीला देवळी कोरायची. जुन्या घरात दिवा ठिवायला भिंतीत देवळी असती ना, तशीच, पर मानूस मावल येवढी. त्या देवळीत मानसाला बसवायचं, वरून विभूती, बेल, मीठ, अन मग समद्यांनी माती द्यायची. खड्डा कुनी बी खांदतं. देवळी कुनाला बी येत न्हाई. तिचं छत ढासळलं तर लेकरांनी माती द्यायच्या आधीच मयताच्या डोक्यावर ढेकळं पडतेत. आमच्याकडं ते लई वंगाळ धरतेत.

अन माप. दुसऱ्या गावात कसं करतेत मला ठाऊक न्हाई. आमचं गाव देवणीच्या पल्याड, कर्नाटकाच्या शिवंला. आमच्यात मयताच्या उजव्या पावलानं माप घेतेत. त्येच्याच पावलाच्या नऊ पट लांबी, मग रुंदी, मग देवळीची उंची, समदं त्याच पावलाच्या हिशोबानं. कुनी गेलं की अण्णा सुती दोरी घेऊन त्या घरी जायचा. रडणाऱ्या बाया जरा सरकून जागा द्यायच्या. टाचेपासून अंगठ्यापतोर दोरी धरायची, गाठ मारायची, अन उठून सरळ रुद्रभूमीला. आमच्या मातीच्या जागेला रुद्रभूमी म्हनतेत. बोलायचा न्हाई कुनाशी. मोबदला म्हनून नारळ घ्यायचा, दुसरं काय न्हाई.

गावातले म्हातारे त्येला भ्यायचे बी अन चेष्टा बी करायचे. व्यंकटराव पाटील पारावर बसलेले असले अन अण्णा आला की पाय धोतराखाली वढून घ्यायचे.

"चंद्रप्पा, माझ्या पायाकडं बघू नको रं."

"मी कुठं बघतोय. तूच झाकून झाकून दाखवून राहिलास."

येरवी शेतीच करायचा. सोयाबीन, तूर. वहिनी लवकर गेली, तिची देवळी बी त्येनंच कोरली, मधीच भाईर येऊन पानी पिला अन परत आत गेला. मी तवा देगलूरहून आले हुते, बघितलंय. मला देगलूरला दिलेली हाय.

त्येला एकच पोरगा, अमरनाथ. अमरला शेतीत गोडी न्हाई. तो उदगीरला दुसऱ्याच्या जेसीबीवर राहिला, शिकला, मग सोताची घेतली. तिला गावात आणली तवा अण्णानंच नारळ फोडला, बकेटीच्या दातांना हळदीकुंकू लावलं. मला म्हनला, "भामे, म्या सालभर खांदलं असतं तेवढं ही एका दुपारी खांदती." खुश हुता. मी खोटं का सांगू. बाप-लेकाचं वाकडं मशीनीवरून न्हाई झालं.

झालं ते व्यंकटराव गेले तवा. अण्णाचे गुडघे धरले हुते, मी त्येला देगलूरला दवाखान्याला नेलतं. हिकडं पाऊस हुता, पोरं चिखलात खांदायला तयार न्हवती. कुनीतरी म्हनलं, अमरला बोलवा, चुटकीसरशी काम. अमर आला. व्यंकटरावांची जागा आमच्या अव्वाच्या समाधीला लागून. अव्वा म्हंजे आमची आई. तिचा ओटा पावसानं खचून जमिनीला मिळालता, कुठं संपतो ते दिसत न्हवतं. बकेटीचे दात आत गेले. वर आलं त्या मातीत अव्वा हुती. तिच्या गळ्यातली लिंगाची चांदीची डबी बी वर आली, ती बघून समद्यांना कळलं.

फोन आला तसे आम्ही दोघं पहिल्या एसटीनं निघालाव.  रुद्रभूमीत जाऊन अण्णानं उपरणं पसरलं, एकेक हाड येचलं, मातीतून, चिखलातून. मग तसल्या गुडघ्यानं आत उतरून परत देवळी कोरली अन अव्वाला आत ठिवली. अमर काठावर भिजत उभा हुता. मदतीला पुढं झाला तर अण्णा म्हनला, "बसवलतं म्या तिला." येवढंच. त्येला म्हनला का सोताला म्हनला, मला आजपतोर कळलं न्हाई.

त्या दिवसापासून अण्णा अमरशी बोलला न्हाई. भांडण न्हाई, शिवी न्हाई. एका घरात राहायचे, एका तव्यावरची भाकर खायचे. काय सांगायचं तर सुनंला सांगायचा, "उज्वला, त्येला म्हनावं चहा गार व्हायलाय." तो समोरच बसलेला. उज्वला घरात नसली तर बैलाला सांगायचा.

"ढवळ्या, तुरीला पानी सोडलंय का न्हाई कुनी?"

अन अमर बी बैलालाच म्हनायचा, "सकाळीच सोडलंय रं ढवळ्या."

हसू यायचं बघून. मग हसू बी यायचं बंद झालं. किती दिवस हसायचं.

अमरची पोरगी शिवांगी. ती पुण्याला स्पॅनिश म्हनून एक भाषा शिकली. मग घरूनच काम करायचं मिळालं म्हनून गावाकडं आली, मांडीवर कॉम्प्युटर घेऊन दिवसभर वसरीत बसायची, तिथंच नेटवर्क येतं. कुनी एक कंपनी फोनात बघायचा शब्दकोश करून राहिली. ते इंग्रजीतला शब्द पाठवतेत, हिनं त्येचे अर्थ मांडायचे अन एकेका अर्थाला स्पॅनिशमधी काय म्हनतेत ते लिहायचं, संगं एक वाक्य. मी तवा माहेरी आलेली. वसरीत तूर निवडत बसलेली. अण्णा खाटंवर. अमर कामावरून येऊन भिंतीला टेकून जेवत हुता.

शिवांगी म्हनली, "अज्जा, काय करलालास?"

"श्वास घेऊन राहिलो. दुसरं काय काम ठिवलंय तुमी."

"मग मला मदत कर. आज तुझाच शब्द आलाय. एक्सकवेट. म्हंजे खोदणे."

"कुनाला पायजे त्यो?"

"स्पॅनिशवाल्यांना. स्पेन हाय, मेक्सिको हाय, पेरू हाय, लई देश हायत."

"पेरू बी देश हाय?"

"हाय अज्जा. ऐक ना. तीन अर्थ हायत. पहिला, माती काढून जमिनीत खड्डा करणे. स्पॅनिशमधी एस्काबार."

अण्णा म्हनला, "कुदळीनं का सब्बलीनं?" सब्बल म्हंजे पहार.

"तसं काय न्हाई दिलेलं. मशीननं बी चालतं. अन त्या मशीनला एस्काबादोरा म्हनतेत. त्येंच्यात ती बाई हाय."

अमर घास गिळून म्हनला, "शिवांगी, म्हनावं आपली बी बाईच हाय. रोज नवं दुखणं काढती."

अण्णानं छताकडं बघत म्हनलं, "शिवांगे, त्येला म्हनावं, बाई हाय तर जरा हळू चालव."

उज्वला आत फिसकन हसली. मला बी बरं वाटलं. थट्टा तर थट्टा, दोघांचं एका गोष्टीवर बोलणं चाललतं.

"आता दुसरा अर्थ. आतून कोरून पोकळ करणे. ह्येला आवेकार म्हनतेत."

अण्णा उठून बसला. त्येला उठवायला दोघं लागायचे, पर त्या दिवशी आपला आपण बसला. "ह्ये बघ, ह्ये येगळं हाय. खांदणं म्हंजे माती काढणं. कोरणं म्हंजे माती ठिवणं. देवळीचं छत वर राहिलं पायजे ना. म्हनून वरच्या अंगाला घाव घालायचा न्हाई. खड्ड्याकडं पाठ करून बसायचं. सब्बल टोकाजवळ धरायची, कलमावानी. खालून सुरू करायचं अन माती सोताहून यील तेवढीच घ्यायची." हातानं करून दाखवत हुता, हवेत. अमरनं घास हातातच धरलता. बघत हुता.

शिवांगी म्हनली, "मग मी ह्येच वाक्य टाकते. माझे आजोबा भिंतीत देवळी कोरतात." अन तिनं ते त्या भाषेत म्हनून दाखवलं. "मी आबुएलो" असं काहीतरी, त्येंच्यात मी म्हंजे माझा. आबुएलो म्हंजे अज्जा. अण्णानं दोनदा म्हनून बघितलं, आबुएलो, आबुएलो. "बुवा झालो की मी," म्हनला.

मग तिनं तिसरा अर्थ वाचायला घेतला. वाचता वाचताच तिचा आवाज बारीक झाला. "जमिनीत पुरलेलं... उकरून भाईर काढणे. देसेंतेरार."

माझा सुपातला हात थांबला.  अमरनं ताटात भाकर हुती तशी सोडली, तांब्या घेऊन हात धुतला अन चपला घालायला गेला.

अण्णा मोठ्यानं म्हनला, शिवांगीलाच म्हनला, पर मोठ्यानं. "लिही की. थांबलीस का? हाय ते हाय. उकरलंय म्या बी. किल्लारीच्या भूकंपाला. ह्या हातानं दगडं काढली, मानसं काढली. जित्ती थोडी, मेलेली जास्त. उकरणं पाप असतं तर म्या कवाच नरकात गेलो असतो."

अमर पाठमोरा उभा. चपलात एकच पाय.

अण्णानं इचारलं, "अन पुरायला काय म्हनतेत त्येंच्यात?"

"एन्तेरार. त्यात तिएर्रा हाय, अज्जा. तिएर्रा म्हंजे माती. मातीत घालणे."

"मग आपल्यावानीच की. आपुन माती देणं म्हनताव." मग म्हनला, "शिवांगे, त्येला म्हनावं, ताटात भाकर तशीच हाय."

अमर परत आला, बसला, भाकर संपवली. मी मान खाली घालून तूर निवडली, दिसत न्हवती तरी निवडली. मला वाटलं सुटलं आता. उद्या बोलतील. न्हाई बोलले. दुसऱ्या दिवशी परत ढवळ्याच. काय करावं असल्या मानसांचं. शिवांगीच्या कंपनीनं बी ते देवळीचं वाक्य काढून बोगद्याचं टाकलं. देवळी तिकडं कुनाला कळत न्हाई म्हने.

थंडीत अण्णानं खाट धरली ती धरलीच. दम लागायचा. मी देगलूरचं घर सुनंवर टाकून येऊन राहिले. एक दिवस शेक देत हुते तर म्हनला, "भामे, माझ्या टायमाला मशीन येऊ देऊ नको."

"अन खांदल कोन?"

"रामलिंग हाय. पोरं हायत. वाकडंतिकडं होऊ दे. पर हातानं."

"मग अमरला तूच सांग की."

"कसं सांगू? त्येची भाकर हाय ती. बापानंच म्हनायचं का, तुझी भाकर माझ्या मातीला नको? तू सांग. तू सांगितलं तर येगळं लागल."

मी हाव म्हनलं. अण्णानं जन्मात माझ्याकडं काय मागितलं न्हवतं. भाऊबीजेला बी तोच द्यायचा. दुसऱ्या दिवशी अमर मशीनीला ग्रीस मारत हुता, तिथं जाऊन सांगितलं. त्येनं चिंधीला हात पुसले, परत पुसले. "बरं आत्या," म्हनला. वाईट वाटलं का न्हाई, तोंडावरून कळलं न्हाई. बापावरच गेलाय.

अण्णा सकाळी गेला. शिवांगी त्येला चहा पाजत हुती, चहा ओठातनं परत आला. अमर देवणीकडं शेततळ्याच्या कामावर हुता, तसाच मशीन घेऊन पळत आला, अन ती रस्त्याच्या कडंला सोडून घरात आला. घरात आला अन काठी धरून उभा राहिला, अण्णाची काठी.

रामलिंग अण्णाचा भावकीतला पुतण्या. अण्णाच्या हाताखाली खांदलेला, पर देवळी कधी कोरलेली न्हाई, वरून बघितलेली. तो दोरी घेऊन आला, अण्णाचीच दोरी. माप घेतलं, गाठ मारली, पोरं घेऊन रुद्रभूमीला गेला. उन्हाळ्यानं जमीन दगड झालती. दोपारपतोर त्येंच्या हाताला फोड आले. हिकडं आम्ही अण्णाला आंघोळ घातली, विभूती लावली, हातात लिंग दिलं. दिवस कलला तवा इमानात बसवून निघालाव. इमान म्हंजे लाकडाची खुर्ची, फुलं लावून. म्या बी गेले. आमच्यात बाया बी मातीला जातेत.

रामलिंग अन अजून एक जण खाली उतरले. वरून अण्णाला दिला. देवळीत बसवाया गेले तर बसंना. डोकं वर लागायलं. गुडघे भाईर यायले. इकडून सरकवा, तिकडून सरकवा, न्हाईच. परत वर घ्या म्हनले. परत वर घेतला. गर्दीत कुजबूज सुरू झाली.

मातीचे विधी करायला आलेले जंगमस्वामी म्हनले, "रामलिंग, माप कशाचं घेतलंस?"

"उजव्या पायाचं, स्वामी. अण्णा घ्यायचा तसंच. गाठ बघा, सुतानं इकडंतिकडं न्हाई."

मला तवा उजेड पडला. किल्लारीला दगडं काढताना भिंतीचा राहिलेला तुकडा अण्णाच्या उजव्या पायावर पडलता. पुढची बोटं गेली. तवापासून तो बुटात चिंधी कोंबून चालायचा, नव्या पोरांना ठाऊक बी न्हवतं. पर रामलिंगनं तर उघडा पाय हातात धरून मापला हुता.

मी म्हनलं, "अरं रामलिंगा, त्या पायाला बोटं कुठं हायत?"

रामलिंगनं मान खाली घातली. "दिसलं मला आत्या. पर नियम उजव्या पायाचा हाय. अण्णाच्याच मापात मी नियम कसा मोडू?"

आता त्येला काय बोलायचं.  मागून एक म्हातारा म्हनला, "जन्मभर दुसऱ्याला बरोबर बसवलं अन सोता आखूड निघाला." दोघंतिघं हसले, अन हसल्याचं वाईट वाटून खाली बघायला लागले.

डाव्या पायाचं घ्यावं का, डाव्याचं चालतं का, ह्याच्यावर चर्चा. स्वामी म्हनले, "डावा बी त्येचाच हाय. घ्या लवकर." माप घेतलं. चौफेर वाढवायचं, देवळी उंच करायची अन आत बी न्यायची. अन सूर्य खाली आलेला. दिवस मावळायच्या आत माती द्यावी लागती. पोरांचे हात उठंनात. रामलिंग तर खड्ड्याच्या काठाला बसकन बसला.

कुनीतरी म्हनलंच. "अमरची मशीन रस्त्यावर हाय की. दोन बकेटी मारल्या की मोकळं."

मी म्हनलं, "न्हाई. अण्णानं सांगून ठिवलंय. हातानं."

"आत्या, सांगितलं आसल. पर सूर्य ऐकतो का तुमचं?"

"न्हाई म्हनलं ना."

"मग मयत वरच ठिवायचं का रातभर?"

  मी म्हातारी बाई, माझ्या हातानं ढेकूळ फुटत न्हाई. मी हाव म्हनलं हुतं भावाला, अन आता समदे माझ्याकडं बघून राहिले, मी ह्यो हट्ट सोडावा म्हनून. मग ते अमरकडं बघायले. मशीन त्येची, बाप त्येचा. म्या बी बघितलं.

अमर आंघोळीच्या ओल्या धोतरात, उघडाच. रस्त्याकडं बघितलं त्येनं. मशीन तिथं पिवळी उभी. मला वाटलं आता गेला. गेला असता तर मी काय त्येला वढून धरणार हुते का? अन त्येला वंगाळ तरी कसं म्हनणार, दिवस मावळत हुता.

तो स्वामींकडं वळला. "मुलानं हत्यार हातात घेतलं तर चालतं का?"

आमच्यात सुतकात मुलानं खांदायचं नसतं. स्वामींनी सूर्याकडं बघितलं. "रीत न्हाई," म्हनले, "पर उतर."

अमरनं रामलिंगच्या हातातली सब्बल घेतली.

अण्णाला तवर काठावर बसवून ठिवायचं हुतं. अंग ताठलेलं, पर मान अन पाठ धरावी लागायची. पोरं थकलेली. मीच मागं बसले, अन अण्णा माझ्या अंगावर टेकवला. लहानपणी मी त्येच्या पाठीवर बसून वढा ओलांडायची. आता त्येची पाठ माझ्या छातीला. थंड. अन जड, जितेपणी एवढा जड न्हवता तो. विभूतीचा वास यायचा. माझे पाय मुंग्या येऊन बधिर झाले, पर हलायची सोय न्हवती.

खालून आवाज यायचा. पहिल्यांदा चुकीचाच आला, वरच्या अंगाला मारलं असावं, छताचं एक ढेकूळ धपकन पडलं. रामलिंग म्हनला, "हळू अमर." मग जरा येळ काहीच आवाज न्हाई. मी मान वाकडी करून बघितलं. तो खड्ड्याकडं पाठ करून बसलता. सब्बल टोकाजवळ धरलेली. खालून, बारीक बारीक. माती यील तेवढी घेत हुता. शिवांगी पायरीवर उतरून टोपलं वर देऊन राहिली. पोरीनं खाली उतरू नये म्हनून एक बाई बोलली, पर दुसरं कुनी तिला साथ दिली न्हाई.

मशीनवर बसून बसून त्येच्या हाताला ती सवय कुठली. तळव्याचं रक्त सब्बलीला लागलेलं मला वरून दिसायचं. मधीच थांबला अन तोंड फिरवलं. रडला का घाम पुसला, मी बघितलं न्हाई, मी तोंड दुसरीकडं केलं. देवळी एका अंगाला जरा फुगीर झाली. अण्णानं केली नसती तशी. पर छत राहिलं.

रुंद करताना पायऱ्या फुटल्या हुत्या. झालं म्हनून शिवांगीला वर घेतलं, अन मग रामलिंग म्हनला, "आता ह्यो वर कसा येणार?"

स्वामी म्हनले, "वर कशाला? खालूनच घिऊ दे."

चौघांनी अण्णाला माझ्या अंगावरून उचलला. माझे हात सुटंनात. धरून धरून आखडले हुते, रामलिंगनं एकेक बोट मोकळं केलं. खाली अमर दोन्ही हात वर करून उभा हुता, खांद्यापतोर मातीनं भरलेला.

"अण्णा," म्हनला, "या."

किती सालांनी त्येच्या तोंडून बापाला हाक आली. ढवळ्याला न्हाई, शिवांगीला न्हाई. अण्णाला. त्येनं बापाला काखंत धरून अलगद खाली घेतला, देवळीत बसवला, डोकं मागं टेकवलं, उजवा पाय मांडीखाली नीट सारला. बसला अण्णा. बरोबर बसला.

अमरला मग दोघांनी हाताला धरून वर वढला. समद्यांनी माती दिली, म्या बी दिली. अन घरी आलाव.